तरंगणारा रणगाडा : खोका विकत घेण्याआधी



शेळीपालन, मसाला कांडप, परसबाग हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र मी रणगाड्याबद्दल बोलणार आहे. तोही पाण्यावर तरंगणारा रणगाडा, आणि त्याची छोटी प्रतिकृती जोडायचे जे किट बाजारात मिळतात ते. हसू नका बरं. शेवटपर्यंत ऐकाल तर लक्षात येईल की या विषयाचा आपल्या घरखर्चाशी संबंध आहे, आणि पावसाळ्यात आपल्या माणसांच्या जिवाशीही आहे.

झालं असं, की मी ज्या गटांचं काम पाहते त्यातल्या एका गटात अंतर्गत कर्जासाठी एक अर्ज आला. ताईची मुलगी नववीत. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला पीटी-७६ नावाच्या रणगाड्याचं मॉडेल करायचं होतं. मोबाईलवर 'पिप्पा' सिनेमा पाहिला होता, तेव्हापासून तिच्या डोक्यात हेच. किटचा खोका, रंग, डिंक मिळून ताईनं चार हजार रुपये मागितले होते.

बैठकीत गलका झाला. एक म्हणाली, "एवढ्या पैशात तं शेळीचं पिल्लू येते व!" दुसरी म्हणाली, "रणगाडा काय पोरीचं खेळणं हाय?" तिसरीनं मात्र नेमका प्रश्न विचारला, "पण तो खोका घेऊन पोरगी शिकन काय?" पंचसूत्रीनं चालणाऱ्या गटात कर्ज कशासाठी, परतफेड कशी, हे विचारायलाच हवं. म्हणून आम्ही ठरवलं, आधी माहिती काढायची, मग हो किंवा नाही म्हणायचं. ती माहिती आज तुम्हाला सांगते.

पिप्पा कोण?

पीटी-७६ हा सोव्हिएत रशियाचा हलका रणगाडा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो तिथल्या फौजेत आला. वजन सुमारे १४ टन, आत तीन माणसं, ७६ मिलिमीटरची तोफ. भारतानंही तो घेतला. तुपाचा रिकामा डबा पाण्यात टाकला तर जसा तरंगतो तसा हा तरंगतो, म्हणून पंजाबी जवानांनी त्याला 'पिप्पा' नाव दिलं.

२१ नोव्हेंबर १९७१ रोजी, आता बांगलादेशात असलेल्या गरीबपूर इथं ४५ कॅव्हलरीच्या १४ पीटी-७६ रणगाड्यांनी १४ पंजाब पलटणीच्या साथीनं धुक्यातली लढाई लढली. समोर पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे शॅफी रणगाडे होते. आपले स्क्वाड्रन कमांडर मेजर दलजित सिंग नारग तिथं धारातीर्थी पडले; त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्यानंतर तुकडीची सूत्रं कॅप्टन बलराम सिंग मेहता यांनी घेतली. पुढं त्यांनी या लढाईवर पुस्तक लिहिलं, आणि त्यावरून २०२३ साली 'पिप्पा' सिनेमा आला.

नद्या-खाड्यांच्या मुलुखात पुलाची वाट न पाहता पलीकडे जाता यावं, म्हणून असा रणगाडा. पण तरंगायचं तर वजन कमी हवं, आणि वजन कमी म्हणजे पोलाद पातळ. पिप्पाचं चिलखत जाड असेल तिथंही जेमतेम दोन सेंटीमीटर. मोठ्या रणगाड्याच्या गोळ्यापुढं त्याचा टिकाव लागत नाही. एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं, हे आपल्याला घर चालवताना रोजच कळतं.

स्केल म्हणजे काय?

किटच्या खोक्यावर १:३५ किंवा १:७२ असा आकडा छापलेला असतो. १:३५ म्हणजे खऱ्या गाडीचे ३५ सेंटीमीटर ते मॉडेलमध्ये १ सेंटीमीटर. सातबाराच्या नकाशावर शेत छोटं करून काढतात ना, तसंच हे. फरक इतकाच की इथं लांबी, रुंदी आणि उंची, तिन्ही छोट्या होतात.

पीटी-७६ चं अंग तोफेची नळी सोडून साधारण ६९१ सेंटीमीटर लांब आणि ३१४ सेंटीमीटर रुंद. त्याला ३५ नं भागा. मॉडेल येईल जवळपास २० सेंटीमीटर लांब आणि ९ सेंटीमीटर रुंद, म्हणजे शाळेच्या कंपासपेटीहून थोडं मोठं. ७२ नं भागलं तर लांबी साडेनऊ सेंटीमीटर, काडेपेटीच्या दुपटीला थोडी कमी. १:३५ मध्ये उभा जवान पाच सेंटीमीटरचा होतो, १:७२ मध्ये जेमतेम अडीच.

हे आकडे आले कुठून? ७२ चा हिशेब इंच-फुटांचा आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच, तेव्हा सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. ३५ ची गोष्ट गमतीची आहे. जपानच्या तामिया कंपनीनं १९६१ साली पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेव्हा आत मोटर आणि बॅटरी बसाव्यात इतका त्याचा आकार ठेवला. नंतर मोजलं तर तो साधारण ३५ पट छोटा निघाला. तोच आकडा पुढं जगभर रूढ झाला.

मग घ्यायचं कोणतं? प्रदर्शनात लांबून दिसायला हवं, हाताला सराव नाही, तर १:३५ बरं. जागा कमी, पैसे कमी, पण बोटांत कला आहे, तर १:७२. छोटं म्हणजे सोपं, असं मात्र समजू नका. १:७२ मध्ये काही तुकडे तिळाएवढे असतात; खाली पडले तर सापडत नाहीत.

तीन गाड्या, तीन रीती

पाण्यावर चालणाऱ्या फौजी गाड्यांची बरीच किट मिळतात. त्यातल्या तीन गाड्या आम्ही शेजारी ठेवून पाहिल्या, कारण तिघींची पाण्यात पुढं जायची रीत वेगळी आहे.

पहिला आपला पिप्पा. याच्या मागच्या बाजूला पाण्याचे दोन झोत सुटतात. खालून पाणी ओढून घ्यायचं आणि मागं जोरात सोडायचं, की गाडी पुढं जाते. फुगा फुगवून सोडला की हवा मागं आणि फुगा पुढं पळतो, तसंच. वळायचं असेल तर एका बाजूच्या झोताचं मागचं झाकण बंद करतात. पाण्यात वेग ताशी सुमारे १० किलोमीटर. चीनच्या ट्रम्पेटर कंपनीनं हा १:३५ मध्ये काढला आहे. त्यात १९५१ चा आणि नंतरचा 'बी', असे वेगवेगळे खोके आहेत. घेताना तोफेच्या नळीचं टोक पाहा. सुरुवातीच्या रणगाड्याच्या टोकाला पुष्कळ खाचा असतात, नंतरच्याला दोन मोठी भोकं. ज्या फोटोवरून मॉडेल करायचं तो समोर ठेवा आणि टोक जुळवा. नाहीतर हजारो रुपये घालून वेगळाच रणगाडा घरी यायचा.

दुसरी गाडी बीएमपी-२. हिला आपल्याकडे 'सारथ' म्हणतात आणि ती तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तुम्ही पाहिली असेल. चालवणारे तीन आणि मागं बसलेले सात जवान घेऊन ती पाण्यात उतरते. तिला वेगळा झोत नाही. चाकांवरचे पट्टेच पाण्यात फिरतात आणि वल्ह्यासारखं पाणी मागं ढकलतात, त्यामुळे वेग कमी, ताशी सुमारे ७ किलोमीटर. या गाड्या वापरणाऱ्या मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आपल्याच राज्यात, अहिल्यानगरला आहे. रशियाच्या झ्वेझ्दा कंपनीचं १:३५ चं किट मिळतं. मॉडेल होतं सुमारे १९ सेंटीमीटरचं.

तिसरी श्विमवागन. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची छोटी उघडी मोटार. नावाचा अर्थच पोहणारी गाडी. वजन एक टनाहूनही कमी. मागं एक पंखा असतो, पाण्यात उतरल्यावर तो खाली पाडायचा. वळायला पुढची चाकंच सुकाणूचं काम करतात. पंखा फक्त पुढं नेतो, मागं यायचं तर हातानं वल्हं मारायचं! तामियाचं १:३५ चं किट जेमतेम ११ सेंटीमीटरचं होतं. तुकडे कमी, जोडायला सोपं, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याला हेच बरं. खरी श्विमवागन पाहायची असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे. शाळेची सहल शिर्डी-शिंगणापूरला जातेच, तेव्हा गुरुजींना हेही सुचवा.

खोक्यात काय असतं, काय नसतं?

खोका उघडला की प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात आणि त्यांना तुकडे चिकटलेले असतात. १:३५ च्या रणगाड्यात ते शेकड्यांनी असतात. सोबत चित्रांची पुस्तिका आणि पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर-निशाण्या. बहुतेक किटमध्ये डिंक नसतो, रंग नसतो, ब्रश नसतो, तुकडे कापायचं कटर नसतं. म्हणून खोक्यावरची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. समजा खोका २५०० चा, रंग-डिंक ९०० चे, कटर-पॉलिश पेपर ४०० चे, तर खर्च झाला ३८०० रुपये. शिलाई मशिन घेताना आपण टेबल, मोटर, दोरे धरून हिशेब करतो, तसाच इथंही करायचा.

दोन खोक्यांची तुलना करताना आणखी तीन गोष्टी पाहा. एक, पट्टे कसे आहेत? रबरी अखंड पट्टा असेल तर पाच मिनिटांत बसतो. कडी-कडी जोडायची असेल तर दिसायला सुंदर, पण दोन-तीन संध्याकाळी जातात. दोन, पातळ पत्र्याचे तुकडे आहेत का? ते साध्या प्लॅस्टिकच्या डिंकानं चिकटत नाहीत आणि बोटाला कापतात, नवख्यानं टाळावेत. तीन, खोक्यावर वय काय लिहिलंय? बहुतेक किट १४ वर्षांवरच्यांसाठी असतात. घरात रांगतं लेकरू असेल तर तुकडे उंचावर ठेवा. डिंक आणि रंगाचा वास डोक्यात जातो, म्हणून काम ओट्यावर किंवा खिडकीपाशी करावं, चुलीजवळ कधीच नाही.

किट तरंगतं का?

मुलीला हवं होतं पाण्यात चालणाऱ्या रणगाड्याचं विज्ञान. किटवाल्या मॉडेलला तर चाकांसाठी भोकं आणि जोडांत फटी असतात. ते शोभेसाठीच असतं. सगळ्या फटी बुजवल्या तरी एक अडचण उरते, ती वजनाची.

नियम जुनाच आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. १४ टनांच्या रणगाड्याला तरंगायला १४,००० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. उन्हाळ्यात आपल्या गावात १०,००० लिटरचा टँकर येतो ना, त्याचे जवळपास दीड टँकर! म्हणून पिप्पा आतून इतका पोकळ आणि पेटीसारखा.

आता मॉडेलचं पाहू. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३५ पट कमी झाल्या, म्हणजे आकारमान ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पट कमी झालं. १४,००० किलोला त्यानं भागलं तर येतात साधारण ३२५ ग्रॅम. म्हणजे १:३५ चं मॉडेल ३२५ ग्रॅमचं असेल तरच खऱ्यासारखं, तेवढंच बुडून तरंगेल. १:७२ ला हाच हिशेब साडेसदतीस ग्रॅमवर येतो. हलकं असेल तर उंच तरंगतं आणि कलंडतं. जड असेल तर बुडतं. वजन कमी पडलं तर तळाशी ठेवून पूर्ण करायचं. वर ठेवलं की कलंडलंच.

हा हिशेब त्या पोरीनं वहीत मांडून गटासमोर वाचून दाखवला. मग तिची आईच म्हणाली, "मंग आपण घरीच का नाही करत?" घरगुती मॉडेलसाठी २० चं स्केल घेतलं. लांबी साडेचौतीस सेंटीमीटर, रुंदी पावणेसोळा, वजन पावणेदोन किलो. अंगासाठी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वाकवला, कडा दुमडल्या, जोड एम-सीलनं बुजवले. तोफेला जुना पेन, बुरुजाला वाटीच्या आकाराचं झाकण. पाण्यात उतरताना खऱ्या पिप्पाच्या नाकापुढं एक फळी उभी करतात, म्हणजे लाट अंगावर चढत नाही. तीही तिनं बसवली. तळाशी वाळूच्या पुरचुंड्या ठेवून काट्यावर वजन पूर्ण केलं. गटानं चार हजारांऐवजी पाचशे रुपये दिले, तीन हप्त्यांत परत. खर्च त्याहून कमीच झाला.

याचा अर्थ किट वाईट, असा नाही. हात स्थिर होतो, चित्र वाचून वस्तू जोडायची सवय लागते. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. पण पैसे घालण्याआधी विचारावं, आपल्याला शोभेची वस्तू हवी की प्रयोग? दोन्हींची खरेदी वेगळी. आणि "पोरीचं खेळणं हाय का" याचं उत्तरही गटातच मिळालं. खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली दाखल होतात, आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या पहिल्या १७ जणी बाहेर पडल्या. आपण जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या जिल्ह्यातल्या बाया. आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आता पुलावरच्या पाण्याचं

मैत्रिणींनो, या सगळ्यातून सर्वात कामाची गोष्ट आता सांगते. त्या पोरीचे वडील काळी-पिवळी चालवतात. नाल्याच्या पुलावरून पाणी जात असलं तरी, "गाडी जड हाय, काही होत नाही," म्हणत गाडी घालायचे. पोरीनं मॉडेलशेजारी दुसरा एक पत्र्याचा डबा ठेवला. त्याला नाकापुढची फळी नाही, झोत नाही, सुकाणू नाही. मग त्याच गणितानं वडिलांच्या गाडीचा हिशेब काढला.

गाडीचा तळ समजा चार मीटर लांब आणि एक मीटर साठ सेंटीमीटर रुंद. तळाला पाणी टेकलं की पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला पाणी गाडीला ६४ किलोनं वर उचलतं. दहा सेंटीमीटरला ६४० किलो, वीसला १२८० किलो. माणसांसह गाडी सव्वादोन टनांची धरली तरी तळाच्या वर ३५ सेंटीमीटर पाणी आलं की ती तरंगायला लागते. तळ जमिनीपासून वीस सेंटीमीटर वर आहे, म्हणजे रस्त्यावर सगळं मिळून पंचावन्न सेंटीमीटर, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरासं वर. आणि तरंगायच्या आधीच चाकांवरचा भार कमी होतो, पकड सुटते आणि वाहतं पाणी गाडीला कठड्याकडे ढकलतं. म्हणून जगभर सांगतात, वाहतं पाणी एक फूट असेल तर छोटी मोटार वाहून जाऊ शकते, दोन फुटांत बहुतेक गाड्या. पायी माणसाला तर अर्धा फूट वेगाचं पाणीही पाडू शकतं.

तरंगणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिप्पा तरंगतो, शिवाय त्याला पुढं नेणारा झोत आहे, वळवायची सोय आहे, आत शिरलेलं पाणी काढायचा पंप आहे, आणि वर शिकलेला जवान आहे. आपली जीप पुरात तरंगली, की ती फक्त वाहते. ट्रॅक्टरचं, बसचं, मोटरसायकलचंही तेच.

त्या वडिलांनी यंदाच्या पावसाळ्यात दोनदा गाडी अलीकडेच उभी केली. प्रवासी कुरकुरले, भाडं बुडालं. ताई बैठकीत म्हणाली, "भाडं बुडालं तं बुडालं, माणूस नाही बुडाला."

जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर, जळगाव जामोद भागात पाण्यानं काय केलं ते आपण पाहिलं आहे. म्हणून येत्या बैठकीत प्रत्येक गटानं एवढं करा. आपल्या गावाच्या वाटेवरचे पाण्याखाली जाणारे पूल कोणते, त्यांची यादी करा. पुलाच्या कठड्यावर एक फुटाची आणि दोन फुटांची खूण रंगवून घेण्यासाठी ग्रामसभेत विषय मांडा. पण खूण दिसते म्हणून त्याखालच्या पाण्यात उतरायचं नाही. पाणी वाहतं असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचंच, कारण पूल खचलाही असू शकतो. शाळेच्या गाडीवाल्याशी, काळी-पिवळीवाल्याशी हे आत्ताच बोलून ठेवा. आणि घरातल्या लेकरांना परातीत पाणी घेऊन डबा तरंगवून दाखवा. त्यात मूठ-मूठ वाळू टाकत जा, बाजूनं फुंकर मारा. डबा कुठं जातो, ते त्यांनाच सांगू द्या.

पुढच्या भागात आपण पावसाळ्यात धान्य साठवायच्या कोठ्यांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.